मावळतीची भिंत

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घराला चार भिंती आहेत, पण कष्ट एकीच्याच वाट्याला आले. ती मावळतीची. उगवतीच्या भिंतीला दार आहे, ओटा आहे, सणावारी रांगोळी आहे. उत्तरेची शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून निवांत. दक्षिणेवर निंबाची सावली. मावळतीच्या पुढं मात्र आधी उघडं वावर होतं आणि आता मोकळा प्लॉट आहे. मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस तिच्यावर आडवा येतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर चढला की दुपारभराचं ऊनही तिच्याच अंगावर. घरातली माणसं पिढ्यानपिढ्या तिच्याकडं पाठ करून जेवली, झोपली, आजारातून उठली. कुणी पाहुणा घराची तारीफ करायचा ती ओट्यावरून. मागं जाऊन तिला पाहणारे थोडे.

तिची ओळख पायापासून करून द्यावी लागते. जोतं काळ्या दगडाचं, गुडघ्याच्या वर येईल एवढं. त्यावर दोन फुटांहून जाड मातीचं अंग, थरावर थर देत चढवलेलं, खाली रुंद आणि वर जरा निमुळतं होत गेलेलं. माथ्यावर सागवानी मयाल टेकलंय आणि त्यावर धाबं. आतल्या अंगाला कोनाडे, एक दिवळी, खुंट्या. बाहेरून मधोमध तिला थोडं पोट आहे. वरून ओळंबा सोडला की दोरी पोटाला अडते. मी काळजीनं विचारलं तेव्हा आमच्या मिस्त्रींनी तळहातानं ते पोट चाचपलं आणि म्हणाले, "वयाचं पोट हाये भाऊ, बिमारीचं नोहे."

स्वभाव धीमा. दुपारचं ऊन ती अंगात घेते, पण लगेच आत सोडत नाही. आतून हात लावला तर रात्रीची जेवणं झाल्यावर कुठं कोमट लागते. पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात ओल घेते, आश्विनातल्या उन्हात परत देते. जोत्याखालून जमिनीची ओल वर चढते, तीही ती दोन्ही अंगांनी हळूहळू बाहेर सोडते. तिचं सगळं आयुष्य या देण्याघेण्यावर चाललेलं आहे. तिच्या अंगावर काय चढवायचं आणि काय नाही, याचा निकाल याच एका गोष्टीवर लागतो. आमच्या घराला हे कळायला फार वर्षं लागली. खरं म्हणजे आजीला ठाऊक होतं. तिच्यामागं विसरलं गेलं.

वऱ्हाडात काळी माती कुठंही खणा, मिळते. पण भिंतीला ती चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात वावराला ज्या भेगा पडतात, ज्यांत हात कोपरापर्यंत जातो, त्याच भेगा भिंतीला पडतील. म्हणून भिंतीची माती गावठाणातून यायची. एका जागी माणसं राहिली, घरं पडली, पुन्हा उठली. चुलीची राख, गुरांचं शेण, पडक्या भिंती, सगळं तिथंच मुरलं आणि त्यातून ही पांढरी माती झाली. जुन्या कागदांत या गावाचं नाव बडनेरा बीबी असं येतं. स्टेशनच्या अंगानं वाढलेली नवी वस्ती ही 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली त्यानंतरची. त्याआधीच्या किती घरांची माती आमच्या भिंतीत आहे, ते कुणी सांगू शकणार नाही. धाब्यावर मात्र खारी माती घालत, कारण खाऱ्या मातीत गवत धरत नाही. प्रत्येक मातीचं काम ठरलेलं होतं, आणि ते ठरवायला गावात कुणी इंजिनिअर नव्हता.

बडनेऱ्याजवळचं कोंडेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. इतके पावसाळे त्यानं काढले, त्याला कुणी लिंपत नाही. मातीच्या भिंतीला ते जमत नाही. तिला अंगावर कपडा लागतो, आणि तो कपडा झिजण्यासाठीच असतो. पावसानं कपडा खाल्ला की अंग वाचतं; मग नवा चढवायचा.

हा कपडा आजी चढवायची. पाऊस ओसरला, नवरात्र जवळ आलं की अंगणात खड्डा करून माती भिजायला पडे. त्यात कुटार. पायांनी तुडवायची आणि आठवडाभर आंबू द्यायची. तिला एक आंबूस वास सुटे, तो आला की आजी म्हणे, "झाली आता." मग आधी भरड मातीचा थर, तो वाळून ओढ घेऊन बसला की त्यावर चाळलेल्या मातीत शेण कालवलेला बारीक थर. छाबणं सगळं हातानं. खालच्या भागात माय, वरच्या भागात आजी, कारण आजी उंच होती. तळहात कोपरापासून फिरायचा, त्यामुळं भिंतीवर बोटांच्या कमानी उठत, एकीवर एक चढलेल्या. आजीची करंगळी वाकडी होती. तिच्या प्रत्येक कमानीची शेवटची रेघ बाहेर सुटलेली असे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कमानी ठळक दिसत आणि मातीतून वर आलेल्या कुटाराच्या काड्या चमकत. त्या काड्या शोभेच्या नव्हत्या. मातीला वाळताना तडकू न देणं आणि ओघळणाऱ्या थेंबाला जागोजागी अडवणं, ही दोन्ही कामं त्यांची. शेवटी चुना, त्यात चिमूटभर नीळ.

आफ्रिकेतल्या माली देशात जेने नावाचं गाव आहे. तिथली मोठी मशीद मातीची आहे, आजची इमारत 1907 ची. वर्षातून एकदा सगळं गाव जमून तिला नवा लेप देतं. आमच्याकडं गाव जमत नसे, पण शेजारच्या बाया हमखास येत, आणि त्यांच्या भिंतीच्या दिवशी माय त्यांच्याकडं जाई.

छाबणीवर पुन्हा एक पांघरूण असे, फक्त पावसाळ्यापुरतं. खळं झाल्यावर उरलेल्या तुराट्यांच्या ताट्या बांधून त्या मृगाच्या आधी मावळतीला उभ्या करत, भिंतीपासून चार बोटं लांब, बांबूला टेकवून. झडीचा मारा ताटीवर बसे, पाणी ताटीवरूनच खाली जाई, आणि मधल्या फटीतून वारा खेळता राही. सेवाग्रामला आजही असंच करतात. गांधीजी 1936 मध्ये तिथं राहायला आले, त्या वेळच्या माती-बांबूच्या कुट्यांना पावसाळा लागण्याआधी शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात. बापू कुटीत आतल्या भिंतीवर मीराबेननं मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा लोक भक्तीनं बघतात. मी तिथं गेलो की आधी बाहेरून फिरून झांजीची गाठ बघतो. आतली ती झाडं शाबूत राहिली त्यात या गाठीचाही वाटा आहे.

आजी थकली, तुराट्या बांधून देणारा माणूस मिळेना, तेव्हा मोठेबाबांनी टिना ठोकल्या. ते विजय मिलमध्ये होते; बोनस झाला त्या वर्षीचं हे काम. भिंतीत लाकडी खुंट मारून त्यावर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर नालीदार टिना. झड लागली की रात्रभर तडतड. उन्हाळ्यात टिन इतकं तापायचं की पोरांना त्या बाजूला खेळायला मनाई होती. मागं उंदीर झाले, विंचू निघाले, खालच्या कडा गंजून गळून पडल्या. बाहेरून घर गोदामासारखं दिसायला लागलं आणि आजीनं तर मागच्या अंगाला जाणंच सोडलं. पण आज सगळा हिशेब समोर ठेवून मी म्हणेन की टिनांनी तिला कुरूप केलं आणि जगवलं. पट्ट्यांमुळं टिन आणि माती यांच्यात हात जाईल एवढी फट राहिली होती. वारा फिरत होता. भिंत घेतलेली ओल परत देऊ शकत होती.

मग सिमेंट आलं.

मोठेबाबांच्या तरुणपणी सिमेंट परमिटवर मिळायचं. त्याच्या टंचाईपायी राज्यातलं सरकारच हाललं होतं. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुले यांनी जानेवारी 1982 मध्ये राजीनामा दिला, हे त्या पिढीला पाठ आहे. त्याच वर्षी नियंत्रण अर्धं उठलं, 1989 मध्ये पूर्ण, आणि पाहता पाहता गल्लीतल्या दुकानात पोती रचलेली दिसू लागली. जे इतकी वर्षं दुर्मीळ होतं ते चांगलंच असणार, असं माणसाला वाटतं. गंजलेल्या टिना उतरवायच्या ठरल्या तेव्हा एका ठेकेदारानं सांगितलं, जाळी ठोकून सिमेंटची छपाई करून घ्या, पुढची पन्नास वर्षं बघायचं काम नाही. घरातल्या सगळ्यांना ते पटलं. मायला सर्वांत जास्त पटलं, कारण टिना निघाल्या की पुन्हा दरवर्षी चिखलात हात घालावा लागणार होता तो तिलाच. तिचा तो सुटकेचा आनंद मी कधी चुकीचा म्हणणार नाही.

भिंत सरळ दिसायला लागली, पोट झाकलं गेलं, वर पिस्ता रंग लागला. पहिले पावसाळे चांगले गेले. माती आणि सिमेंट उन्हात सारखं फुगत नाहीत, थंडीत सारखं आक्रसत नाहीत. थोड्याच काळात केसाएवढ्या भेगा पडल्या. भेगेतून पाणी आत जायचं ते मातीपर्यंत पोचायचं आणि मागं यायला वाट नसायची. जोत्याखालची ओलही बाहेरच्या अंगानं कोंडली गेली, म्हणून ती आतल्या अंगानं निघू लागली. स्वयंपाकघरात भिंतीला लोणा लागला. डब्यांच्या मागं पांढरं पीठ साचायचं, बोट फिरवलं की माती भुरभुर गळायची. कोंदट वास सुटला. अंधार आणि ओल दोन्ही मिळाल्यावर उदई छपाईच्या मागून चढत थेट मयालापर्यंत गेली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र भिंत ठणठणीत दिसत होती. तिचा स्वभावच असा की आजार लपवायची सवय तिला कधी नव्हती. छाबणी गळली, डाग पडला, भेग गेली, सगळं ती दाखवून मोकळी व्हायची. सिमेंटनं तिचं ते दाखवणंच बंद केलं.

मिस्त्री आले ते माघात. करणीच्या दांड्यानं छपाईवर टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेले. "ऐका भाऊ. इथं पोकळ वाजते. इथंबी. अन् इथं पाहा, चूप हाये, म्हंजे इथं अजून धरून हाये." चूप जागा फार थोड्या निघाल्या. टेकू लावून मयालाचा भार काढला, मग छिन्नीनं कडा उचकटली. घणाचा ठोका एकही मारला नाही. हादऱ्यानं भिंतच बसली असती. आधी तुकडा आला, मग दाराएवढा पापुद्रा एकदम सुटून खाली आला आणि तिचं खरं अंग दिसलं. पाऊस जाऊन महिने लोटले होते, तरी आतली माती मुठीत धरली की मुटका वळत होता. जाळी हातात घेतली तर तिचा गंजाचा भुगा झाला. जोत्याच्या वरच्या टप्प्यात माती इतकी खाल्ली गेली होती की आत वीतभर हात जात होता. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मातीची भीत मातीनं पडत नाई भाऊ. तिले कोंडलं का पडते."

जुलै-ऑगस्टची झड लागली की वऱ्हाडातल्या पेपरात भिंत कोसळल्याची बातमी येतेच. झोपेतली माणसं दबून जातात, त्यांत लेकरं असतात. अशी बातमी वाचून कुणी मातीच्या घराची धास्ती घेत असेल तर त्याला मी हसणार नाही. ज्याचं घर गळतंय, ज्याची भिंत पायथ्याला खचलीय, त्यानं पक्कं घर बांधावं. घरकुलाचा पैसा त्याच्यासाठीच आहे, आणि मातीचं कौतुक करणाऱ्यानं त्याच्या आड येऊ नये. पण पंचनाम्यात भिंत पडली एवढंच लिहितात. वळचण किती बाहेर होती, पायथ्याशी पाणी साचत होतं का, तिला शेवटचं कधी छाबलं होतं, वर सिमेंट लावलं होतं का, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर पुढच्या वर्षी काही भिंती उभ्या राहिल्या असत्या.

हा अनुभव एकट्या बडनेऱ्याचा नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात माती आणि गवत तुडवून बांधलेली शेकडो वर्षांची घरं आहेत. तिथले जुने लोक सांगत आले की मातीच्या घराला वर चांगली टोपी आणि खाली चांगले जोडे असले की ते टिकतं. आमची वळचण आणि आमचं जोतं, दुसरं काय! विसाव्या शतकात तिथंही भिंतींवर सिमेंट चढलं, ओल कोंडली, आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या भिंती फुगून कोसळल्या. आता तिथले जाणकार सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा लेप देतात.

आमच्या भिंतीचा नवा कपडा चढायला माघ ते वैशाख लागला. त्यातला बराच काळ काहीच करायचं नव्हतं; तिला उघडं ठेवून वाळू द्यायचं होतं. त्या महिन्यांत येणारा-जाणारा विचारायचा, काम का थांबलं? पैसे संपले का? मिस्त्रींनी ठाम सांगितलं होतं, ओल्या अंगावर हात लावणार नाही. गल्लीतलंच एक पडकं घर पाडून त्याची पांढरी माती शेतात खत म्हणून जाणार होती. त्यातली काही आम्ही मागून घेतली. तिच्या कच्च्या विटा पाडून खाल्लेला पायथा भरून काढला. सिमेंटखाली सापडलेले जुन्या छाबणीचे पापुद्रे, पांढरे, निळसर, मध्येच पिवळे, तेही त्याच खड्ड्यात भिजायला टाकले. मातीचं हे मला फार मोठं वाटतं, की उतरलेला लेप पुन्हा लेपात जातो. सिमेंटचे तुकडे मात्र ट्रॉलीनं गावाबाहेर टाकावे लागले, त्यांचा दुसरा काही उपयोग झाला नाही.

छाबायला मिस्त्रींची घरवाली आली. मिस्त्रींचा हात विटेत आणि ओळंब्यात. मातीचा हात तिचा. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, मग ओली गोणपाटं टांगायची, म्हणजे थर घाईनं वाळत नाही. माय ओट्यावरून उठून मागं खाट टाकून बसली आणि सांगत राहिली, "पोरी, कोपरातून फिरव, मनगटातून नोको." अशा कामात बाईला बाईची रोजी आणि मिस्त्रीला मिस्त्रीची, असा रिवाज आहे. आम्ही तिला मिस्त्रीची रोजी दिली, कारण या कामात मिस्त्री तीच होती. एकूण खर्चात सामान जवळजवळ फुकट पडलं आणि मजुरी सिमेंटच्या छपाईपेक्षा जास्त झाली. पैसा गावातल्या हातांत गेला, याचं मला समाधान आहे.

वर चुना. कळीचा चुना विरवून, बरेच दिवस भिजवून, गाळून, त्यात मीठ आणि डिंकाचं पाणी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, पण असा दगड की ज्यातून ओल ये-जा करू शकते. जुन्या टिनांतले धड तुकडे कामी आले. त्यांनी वळचण दोन फूट बाहेर काढली. पायथ्याशी पाणी उडू नये म्हणून जमिनीला बाहेरचा उतार आणि नाली दिली. मृगाच्या तोंडावर तुराट्यांच्या ताट्या उभ्या राहिल्या, चार बोटं अंतर ठेवून.

पहिल्या झडीनंतर मी मागं जाऊन पाहिलं. खालचा वीतभर पट्टा धुपला होता, कुटाराच्या काड्या उघड्या पडल्या होत्या, एका जागी चुना ओघळला होता. पन्नास वर्षांचा भरवसा ऐकायची सवय झालेल्या माणसाला हे अपयश वाटेल. मायनं वाटीत माती कालवून आणली आणि उघडीप मिळाल्यावर ती जागा बोटांनी भरून टाकली. स्वयंपाकघरातला लोणा कमी झाला आहे, गेलेला नाही; भिंतीत साठलेलं मीठ बाहेर यायला वर्षं लागतात. मयालाचं एक टोक उदईनं खाल्लं ते बदलावं लागलं. पोट होतं तिथंच आहे.

वऱ्हाडात अजून अशा भिंती पुष्कळ आहेत, जुन्या वस्त्यांत, पाठीमागच्या बाजूला, सिमेंटखाली झाकलेल्या. तुमच्या घरी असेल तर आज मागं जाऊन तिच्यावर बोटानं वाजवून पाहा. पोकळ वाजली तर वरून आणखी एक थर चढवू नका. मातीचा हात असलेली बाई गावात कोण उरली आहे, ते आधी शोधा. सिमेंट येत्या माघात काढा, त्याहून उशीर करू नका. मृगाआधी वाळायला तिला तेवढा वेळ लागतो.